आजचा दिवस कसा गेला

४ मार्च, सोमवार

आमच्या लहानपणच्या शाळेला घंटा नव्हती. झाडाला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता आणि शिपाई त्यावर लोखंडी दांडक्याने ठोके द्यायचा. शेवटच्या ठोक्याचा नाद हवेत विरायच्या आत आमचे चाळीस गळे कविता सुरू करायचे. बाकावर बोटांनी ताल, आणि दुसऱ्या कडव्यावर कोणीतरी हमखास पुढे पळायचं. पुढे मी स्वतः मास्तर झालो, शाळेत विजेची घंटा आली, पण तो नाद काही पुन्हा ऐकला नव्हता. आज ऐकला. ठकूच्या दवाखान्याच्या दारावर एक पितळी नळी टांगली आहे. दार ढकललं की वाजते. तोच सूर, फक्त लहान मुलाच्या आवाजातला.

ठकू माझी एकुलती एक मुलगी. छत्तीस वर्षांची, जनावरांची डॉक्टर. खाली दवाखाना, वर घर. तिची आई गेल्यापासून मी एकटाच होतो. परवा फोनवर म्हणाली, बाबा, महिनाभर या, घरात कुणाचातरी आवाज असू दे. मी लगेच ट्रंक भरली.

ट्रंक वर चढवली कंपाउंडरने. पन्नाशीचा आडदांड गडी, सगळं गाव त्याला मामा म्हणतं. जिन्याच्या मध्यावर दम खात विचारतो कसा, गुरुजी, यात कविता आहेत की दगड? मी म्हटलं, दोन्ही आहेत, माझ्या विद्यार्थ्यांना त्यातला फरक कधी कळला नाही. ठकू हसली. आई हसायची तशी, नाक चढवून. खोली छान आहे. खिडकीतून मागचं अंगण दिसतं, तिथे आजारी कुत्र्यांचे पिंजरे आहेत. अनोळखी माणूस दिसला की सगळे एकदम भुंकतात. आज माझं स्वागतही तसंच झालं. खूप दिवसांनी भूक लागली आहे.

५ मार्च, मंगळवार

सकाळभर खाली बसलो होतो, बाकाच्या कोपऱ्यात. टोपलीतलं मांजर, टॉवेलात गुंडाळलेलं कासव, आणि वासराएवढा एक कुत्रा, जो वजनकाट्यावर चढायला घाबरत होता. त्याची मालकीण त्याला म्हणाली, चढ रे, मी रोज चढते, मला नाही भीती वाटत? सगळे हसले.

मामाचं खरं काम मला आज कळलं. त्याचं काम धरण्याचं. एक हात मानेखालून, दुसरा पोटाभोवती, आणि हनुवटी अलगद जनावराच्या डोक्यावर. जनावराला वाटतं, आपल्याला कोणी जवळ घेतलंय. तोवर ठकूची सुई आत जाऊन बाहेरही आलेली असते. मी म्हटलं, मामा, छान पकडता हो. तो दुखावला. पकडतात पोलीस, गुरुजी, म्हणाला, मी धरतो.

७ मार्च, गुरुवार

अकरा वाजता एका म्हाताऱ्या कुत्रीला शेवटचं इंजेक्शन द्यायचं होतं. घरचे बाहेर थांबले. म्हणाले, आम्हाला नाही बघवणार. ठकू आत थांबली. तिला बघवतं की नाही, हे कोणी विचारलं नाही. सव्वाअकराला पिल्लाला लस होती, दोन पोरी आणि त्यांचे आईवडील, नुसता किलबिलाट. या दोन्हींच्या मध्ये मी ठकूला मोरीशी पाहिलं. तोंडावर पाणी मारलं, आरशात बघितलं आणि हसून पाहिलं. जमलं नाही. पुन्हा हसून पाहिलं. मग दार उघडून, कोण आलंय लस घ्यायला, असं गाणं म्हणावं तशी बाहेर आली.

जाताना त्या कुत्रीचा मालक म्हणाला, तुमचं बरं आहे मॅडम, तुम्हाला रोजचंच. ठकूने मान डोलावली.

जेवायला वर आली, ताटाशी बसली आणि दोन घासांत उठली.

दोनच्या सुमारास वरचा फोन वाजला. कोणी वयस्कर डॉक्टर, तिच्याच पेशातले. आवाज मऊ, शुद्ध, प्रत्येक शब्द पूर्ण उच्चारणारा. आपण वडील ना, म्हणाले, मला तिची काळजी वाटते, पण तिला सांगू नका, ती अवघडेल. तिने जेवण केलं का? झोप लागते का? आजचा दिवस कसा गेला? मी खरं ते सांगितलं. पोरीची विचारपूस करणारं कोणी आहे, याचं फार बरं वाटलं.

११ मार्च, सोमवार

डॉक्टर रोज दोनला फोन करतात. आज मी शिक्षक होतो असं कळल्यावर म्हणाले, मग एखादी कविता ऐकवा की. सातवीच्या पुस्तकातली पाखराची कविता म्हटली, जुन्या चालीवर, पाचही कडवी. मध्ये ते एकदाही हूं म्हणाले नाहीत की खोकले नाहीत. संपल्यावर म्हणाले, आता असं म्हणणारं कोणी राहिलं नाही. माझे डोळे भरून आले. निवृत्तीनंतर माझं पाचवं कडवं ऐकणारा हा पहिला माणूस.

मग त्यांचे नेहमीचे प्रश्न. कोणी आलं की उठून दाराशी जाते का? आवडीच्या गोष्टीत रमते का? ठकू पूर्वी चित्रं काढायची. रंगांच्या बाटल्या सुकून गेल्यात, तेही सांगितलं.

१४ मार्च, गुरुवार

एक सुखवस्तू माणूस धडधाकट कुत्रा घेऊन आला. तीन वर्षांचा, शेपटी सारखी हलतेय. म्हणाला, घर बदलतोय, नव्या जागेत कुत्रा चालत नाही, तेव्हा याला कायमचं झोपवा. ठकूने नाही म्हटलं. कुत्र्यासाठी दुसरं घर शोधते म्हणाली. तो ओरडायला लागला. डॉक्टर आहात की देव? मामा मध्ये पडला तर त्याला म्हणाला, तू गप रे शेपटीधऱ्या. कुत्र्याला ओढत घेऊन गेला. तासाभरात त्याने ठकूबद्दल लोकांच्या मोबाइलवर काय काय पसरवलं होतं. कसाई, लुटारू, आणखी न लिहिण्यासारखं. अनोळखी माणसं फोन करून शिव्या देत होती. मध्येच खरे फोनही येतात, म्हणून तिला प्रत्येक उचलावा लागतो. या भागात दुसरा डॉक्टर नाही.

दुपारी ती जिन्यात बसली होती. वर घरीही नाही, खाली कामावरही नाही. मी शेजारी बसलो. म्हणाली, बाबा, त्याची शेपटी हलत होती हो.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, म्हणजे वाईट दिवस म्हणायचा? मी म्हटलं, वाईटच. बरं, लिहून घेतो, म्हणाले.

लिहून कशाला घेतात?

१८ मार्च, सोमवार

रिकामा बसलोय म्हणून मामाने छापील पत्रकांचा गठ्ठा घड्या घालायला दिला. म्हाताऱ्या जनावरांच्या घरच्यांना देतात. मथळा असा: निरोपाची वेळ कशी ओळखावी. खाली प्रश्न.

जेवण करतो का? झोप लागते का? घरचं माणूस आलं की उठून दाराशी येतो का? आवडीच्या वस्तूत रमतो का? हाक मारली की वळून बघतो का?

रोज नोंद ठेवा. चांगला दिवस की वाईट दिवस. वाईट दिवस चांगल्यांपेक्षा जास्त झाले, की आम्हाला बोलवा.

दोनला फोन वाजला. मी उचलला नाही. वाजत राहिला. मग वाटलं, न उचलणं हेही ते लिहून घेतील, म्हणून उचलला. म्हटलं, आजचा दिवस फार चांगला गेला. पोटभर जेवली, हसली.

मग फार मायेने म्हणाले, गुरुजी, शेवटी शेवटी घरचे असंच सांगतात.

१९ मार्च, मंगळवार

ठकूला सांगितलं. वाटलं होतं हसेल, किंवा चिडेल. तिचा चेहरा पांढरा पडला. एवढंच विचारलं, तुम्ही काय सांगितलंत?

मी म्हटलं, खरं ते सांगत होतो गं.

बरं केलंत, म्हणाली. आमच्यात सगळे ओळखतात त्यांना. कॉलेजात सीनियर त्यांचं नाव काढून नव्या पोरांना घाबरवायचे, डॉक्टर खचला की ते येतात म्हणून. ते घाई करत नाहीत. घरच्यांना विचारल्याशिवाय तर कधीच येत नाहीत.

घरचे म्हणजे मी. मी येईपर्यंत या घरात विचारायला कोणी नव्हतं.

२० मार्च, बुधवार

मामाला विचारलं, ठकूच्या आधी इथे कोण डॉक्टर होते? कापूस गुंडाळत होता, गुंडाळतच राहिला. होते एक, म्हणाला, रविवारी गेले, शांत गेले, त्रास झाला नाही. शांत गेले, त्रास झाला नाही, हेच तो कुत्र्यांच्या मालकांना सांगतो, त्याच आवाजात. मी म्हटलं, तुम्ही होतात तिथे? त्याने वर पाहिलं नाही. एकही विनोद केला नाही.

दोनला फोन. ते म्हणाले, कविता म्हणा. मी म्हटली नाही. ते म्हणाले, ठीक आहे.

२१ मार्च, गुरुवार

ठकूला म्हटलं, चल, आपल्या घरी जाऊ. सहा महिने रजा घे, नुसती झोप. तयार झाली. बॅग भरली. मी ट्रंक तशीच सोडली, काय करायच्यात कविता.

जिन्यापर्यंत आलो. खाली नळी वाजली. गाडीखाली सापडलेलं मांजर, त्याला कुशीत घेऊन एक म्हातारी. बॅग जिन्यातच ठेवून ठकू खाली गेली. मग दुसरं कोणी. मग तिसरं. आठ वाजले. मांजर गेलं. म्हातारी म्हणाली, लवकर हात लावला असता तर.

बॅग अजून जिन्यातच आहे.

२२ मार्च, शुक्रवार

फोनची तार उपटली. दोन वाजता घरात शांतता. सव्वादोनला खाली दवाखान्यातला वाजला. मामाने उचलला. मी जिन्यातून ऐकत होतो. तो नुसता हो, हो, बरं, म्हणत होता. कोणाचा होता विचारलं तर म्हणाला, चुकीचा नंबर.

इतका वेळ?

२३ मार्च, शनिवार

ठकू खुर्चीत बसून आहे. हाक मारली. ठकू. पुन्हा मारली. तिसऱ्या हाकेला वळली. मी मोजलं. मीच मोजायला लागलोय—

माझ्या जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला, तो माणसांचा डॉक्टर आहे, मनाचा. सोमवारी घेऊन या म्हणाला. सोमवारी. मध्ये रविवार आहे. मी म्हटलं आजच ये बाबा, लांब आहे गुरुजी म्हणाला, पण उद्या सकाळी निघतो, संध्याकाळपर्यंत पोचतो.

ठकूला सांगितलं. तिने माझा हात थोपटला. झालं, झालं, म्हणाली, आता काही नाही. हे ती टेबलावरच्या जनावरांना म्हणते.

२४ मार्च, रविवार

सकाळ. दोन्ही कड्या लावल्या. औषधांच्या कपाटाची किल्ली माझ्या खिशात. ती खोलीत झोपली आहे. श्वास बघून आलो. चार वेळा.

बारा. दोन घास भरवले. खाल्ले. म्हणजे चांगला दिवस, हे कोणीतरी लिहून घ्या— जेवली ती—

दोनला पाच कमी. विद्यार्थी वाटेत आहे. अंगणातले कुत्रे सकाळपासून भुंकत होते, आत्ता गप्प झाले. सगळे एकदम. खिडकीतून बघितलं. पिंजऱ्यांत उभे आहेत, कान पाडून, सगळ्यांची तोंडं जिन्याकडे.

दारावर थाप. ते डॉक्टरच असणार. दाराच्या भिंगातून बघितलं—

मामा आहे. देवा, मामाच आहे. जीव भांड्यात पडला. साखळी तशीच ठेवून दार बोटभर उघडलं. म्हटलं, आज सुट्टी, तुम्ही कसे?

त्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर, हात स्वच्छ धुतलेले, ओले. डोळ्यांतून पाणी वाहतंय. हात मात्र स्थिर. म्हणाला, ताई उठल्यात का? डॉक्टरांनी बोलावलं मला. मी म्हटलं, कोणते डॉक्टर, कुठायत? म्हणाला, खाली आहेत, हात धुतायत. मला पुढे पाठवलं, गुरुजी, मी काही करणार नाही, मला फक्त धरायला—

दार लोटलं. टेबलाशी आलोय. काय करू कळत नाही म्हणून लिहितोय. खाली नळाचा आवाज थांबला.

मागे पावलं. ठकू उठली. आपणहून, हाक न मारता. केस विंचरलेत. माझ्याकडे बघून हसली, नाक चढवून, आणि दाराशी— ठकू, नको, थांब, तो मामा नाही गं, म्हणजे मामाच आहे पण— साखळीला हात लावू नकोस, ठक