दाराजवळचं चित्र

सोमवार, १५ मे १९७८
हॉल मिळाला, शनिवार ते सोमवार. मे महिन्यात नागपुरात दुसरं कोण मागणार, म्हणून मिळाला. शाळेत पोरींना फुलपात्रं काढायला शिकवणाऱ्या बाईचं एकटीचं प्रदर्शन. ह्यांना सांगितलं. म्हणाले, "बरं." मग पेपर उघडला.
लग्न झाल्यापासून स्वयंपाकघरात बसून चित्रं काढते आहे. ह्यांनी एकही धड पाहिलेलं नाही. वाईटपणा नाही त्यात, नजर फक्त वरून जाते. गावाला कौतुक वाटो न वाटो. ह्यांनी एकदा थांबून बघावं, बस्स.

बुधवार
मैद्याची खळ शिजवून चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवली. काचा परवडत नाहीत, उघडीच लावणार.
हे अचानक कामाला लागले. "एवढ्या उन्हात लोक येतीन अन् घामानं बेजार होतीन. मी वाळ्याच्या ताट्या लावतो खिडक्यायले." त्यांच्या गावाकडच्या, काटोलच्या घरून ताट्या आणवल्या. मी खूश. माझ्यासाठी एवढं कधी केलं होतं?

शुक्रवार
चित्रं टांगली. दाराजवळ ह्यांचं. सकाळी बाकावर बसून बुटाची नाडी बांधताना, मान खाली, ऑफिसला जायच्या आधीचं. न सांगता काढलं होतं. हे त्याच्यासमोरच स्टूल टाकून उभे राहिले. शेजारच्या खिडकीचं माप घेतलं, उतरले, बादली आणायला गेले.
उद्या बघतील.

रविवार, सकाळी
काल उद्घाटन. गावात लग्नांची मोठी तिथी आहे हे कोणाच्या लक्षातच आलं नाही, माझ्याही. लोक आले ते शालू नेसून, अत्तर लावून, एक पाय बाहेर. शाळेतल्या कुलकर्णीबाई म्हणाल्या, "सुंदर हो. निघते, अक्षता चुकतील." प्रमुख पाहुणे काश्मीरवर बोलले. म्हणे, इथला गारवा तसाच. अभिप्रायाच्या वहीतही सगळ्यांनी गारव्याचंच लिहिलं.
हे दुपारपासून ताट्यांवर पाणी मारत होते. वाळ्याचा वास, हॉल थंडगार. आणि कागद ओल पिऊन फुगायला लागले. खळ सुटली, कोपरे वर आले. भाषण चालू असताना अंबाझरी तलावाचं चित्र घसरून खाली पडलं. हे धावले, उचललं, भिंतीवर दाबून धरलं ओल्या हातानं. आभाळावर पंजा उमटला.
"आता कसं करू वं? सुकन ना ते?"
शर्ट भिजून अंगाला चिकटलेला, चेहरा भांडं फोडलेल्या पोरासारखा. रागवायचं तरी कसं? पण राग आला. अजून आहे. अख्खी संध्याकाळ ते त्या दाराजवळच्या चित्रापाशी बादली ठेवून उभे होते. पाठ चित्राकडे.

सोमवार
कोणी आलं नाही. एक गृहस्थ पाणी प्यायला शिरले.
ताट्या कोरड्या ठेवायला सांगितल्या. हे खुर्ची घेऊन बाहेर, सावलीत. चित्रं उन्हानं पुन्हा ताणली गेली, पण वेडीवाकडी.
आता नाही काढणार. कोणासाठी काढायची?

मंगळवार, दुपारी
ह्यांनी रजा घेतली. मला हात लावू दिला नाही, सगळी चित्रं स्वतः जुन्या पेपरात गुंडाळून माळ्यावर चढवली. फार जपून. सारखे म्हणत होते, "माह्यामुळंच झालं." मी नाही म्हटलं. खोटंच.
शेवटी ते दाराजवळचं हातात घेतलं. हात थांबले. किती वेळ बघत राहिले.
"हा कोण माणूस वं?"
मला सांगता आलं असतं. "आहे एक," म्हटलं.
"थकून राहिला बिचारा," म्हणाले. पेपर गुंडाळला आणि सुतळी बांधायला खाली वाकले, बाकावर बसून, मान खाली.
माळ्यावर जागा उरली नाही. ते शेवटचं गाठोडं दाराशी, बाकापाशी, ह्यांच्या बुटांजवळ ठेवलं आहे. उद्या सकाळी ऑफिसला निघताना ते तिथंच बसतील. त्याआधी सुतळी सोडून ठेवू का, अजून ठरत नाही.