पाय असलेला देवमासा

क्लॉनकरी, मंगळवार

प्रिय कोराली,

आधी खरखर, मग शिट्टीसारखा एक लांब सूर, आणि त्यातून तुझा आठ वर्षांचा आवाज: “गुड मॉर्निंग सर, ओव्हर.” बोलणं संपलं की ‘ओव्हर’, हा आपला नियम. किती वर्षं झाली, पण चहाची किटली शिट्टी वाजवू लागली की मला अजून वाटतं, रेडिओवरची आपली शाळा भरली.

परवा तू फोनवर म्हणालीस, “शुक्रवारी माझ्या वर्गात या, पोरांना चित्रांचं पुस्तक वाचून दाखवा,” आणि मी चटकन “नको” म्हणून मोकळा झालो. रागावली असशील. रागाव. पण आधी ऐक.

आठवतं? पुस्तक एकच, आणि तेही माझ्यापाशी. तुम्ही पोरं शेकडो मैलांवरच्या कुरणांवर विखुरलेली. मग मी चित्र शब्दांत सांगायचो, आणि तुम्ही ते काढून टपालानं धाडायचात. ‘न्हाणीच्या टबात बसलेला देवमासा’ म्हटलं, तर तू त्याला चार पाय काढलेस, वर गुराख्याची हॅट. तुझा भाऊ डेस रेडिओवर खिदळला, “सर, हिला वासरू आणि देवमासा यांतला फरक कळत नाही! ओव्हर.” तू फणकारलीस, “पाय नसतील तर टबात चढला कसा, शहाण्या? ओव्हर.” माझा ठरवलेला धडा तिथंच बारगळला. पुढं आठवडाभर, समुद्र कधी न पाहिलेली तुम्ही पोरं दोऱ्या घेऊन गुरांचे हौद मोजत होतात, देवमासा कुठल्यात मावेल म्हणून. मग त्यावर कविता रचली, आणि एकेका कुरणानं एकेक ओळ म्हटली. निम्मी खरखरीत बुडाली, तरी इतकी गोड कविता मी पुन्हा ऐकली नाही.

आता खरं सांगतो. माझ्या नजरेच्या मधोमध धुकं उतरलंय. ही अक्षरंही जाड पेनानं, अंदाजानं काढतोय. चित्रं मला दिसत नाहीत गं. पोरांसमोर पान उलटून मुका होईन, या भीतीनं ‘नको’ म्हणालो. पण आज किटली वाजली आणि वाटलं, पुस्तक तुझ्या पोरांनीच धरावं, चित्र मला सांगावं, आणि मी ते फळ्यावर काढावं. पाय चुकले तर हसू देत. एवढ्यासाठीच हे पत्र: शुक्रवारी मी येतोय.

अगं, बाहेर गाडी थांबली. आमचा म्हातारा कुत्रा भुंकायचं सोडून शेपटी आपटतोय. दारावर थाप, आणि “सर, तुमचं ‘नको’ मला चालत नाही. पुस्तक घेऊन आलेय. दार उघडा! ओव्हर.”

थांब पोरी, सही तरी करू दे.

तुझाच,
वॉलेस सर