गार पाण्यात धुतलेले डाग

ती. आईस,
धाकटीचा लांबूनच, पण वाकून नमस्कार.

मी बरी आहे, हे आधी वाच. बाबांचा खोकला कसा आहे?

लॉन्ड्रीतून सुट्टी घेतली होती. पाळी नसतानाही मधेच अंगावरून लाल जायचं. सोनोग्राफीत गर्भपिशवीचं अस्तर जाड दिसलं. मग डॉक्टरीणबाईंनी आत दुर्बीण घालून पाहिलं, तर अस्तरावर शेंगदाण्याएवढा मांसाचा कोंब. पॉलिप म्हणतात त्याला. तिथल्या तिथे काढून तपासायला पाठवलाय. बहुतेक वेळा साधाच असतो म्हणाल्या. मी जेवते, झोपते. म्हणजे पडून राहते.

"कधीपासून जातंय?" त्यांनी विचारलं. मला सांगता येईना. डाग दिसला की लगेच गार पाणी आणि साबण, हे तूच शिकवलंस. त्याच हातगुणावर इथे नोकरी करते. चादरीवर खूणच राहिली नाही, तर लक्षात काय राहणार?

मग बाईंनी तुझी चौकशी केली. आईची पाळी कधीच गेली, म्हटलं. आणि आठवलं, मागे मी घरी आले होते तेव्हा तू मोरीत परकर धूत होतीस. "उष्णतेचं आहे," म्हणालीस. ते सांगितलं तर बाईंनी पेन खाली ठेवलं. "पाळी गेल्यावर थेंबभर दिसलं तरी तपासायचंच."

आई, माझा रिपोर्ट येईल तेव्हा येईल. तू ताईला घेऊन उद्याच्या उद्या जा. पाया पडते तुझ्या. चिडलीस तरी चालेल, लाजू नकोस.

आणि आता डाग दिसला, तर धुऊ नकोस गं. तसाच ताईला दाखव.

तुझीच,
धाकटी