सजीवाचा नमुना

भाईंदर पश्चिम,
बुधवार

तीर्थस्वरूप दादास,

नमस्कार लांबूनच, कारण वाकले की माझी कंबर धरते. वहिनीची ॲसिडिटी कशी आहे? निहारचे क्लास सुरू झाले का? आम्ही मजेत. फोन सोडून पत्र लिहितेय, कारण फोन लावला की बाबा टीव्हीचा आवाज बंद करून ऐकत बसतात. माझी सहा महिन्यांची पाळी संपली आणि रविवारी तू त्यांना चिंचवडला न्यायला येतोयस, हे लक्षात आहे. बॅग माळ्यावरून काढलीय. पण या खेपेला बाबांनी मला किती छळलं ते तुला कळायलाच हवं.

आमच्या शाळेला मैदान नाही, हे तुला ठाऊकच आहे. म्हणून मोठ्या बाईंनी (आमच्या मुख्याध्यापिका; दिसायला चिमुकल्या आहेत) शेजारच्या सोसायटीच्या बागेत तिसरीचा विज्ञानाचा तास घ्यायची परवानगी काढली. बदामाच्या झाडाखाली सतरंजी, हवा छान, अधूनमधून डोक्यात बदाम. पहिला धडा सजीव-निर्जीव. मी हौसेने सांगितलं, उद्या घरून एकेक सजीव घेऊन या. कोणी कढीपत्ता आणला, कोणी गोगलगाय, साहिलने इडलीचं पीठ आणलं (फुगतं म्हणून, त्याला काय सांगायचं ते मी अजून शोधतेय). आणि आमच्या सान्वीने, माझ्या पोटच्या पोरीने, शाळेत सोडायला आलेल्या बाबांनाच हाताला धरून आणलं. घरात मोकळे सजीव दोनच, आजोबा आणि झुरळ, आणि झुरळ सापडलं नाही, असं तिचं म्हणणं.

बाबांना खुर्चीवर बसवलं. आयुष्यभर एस.टी. डेपोत कंट्रोलर असलेला माणूस, त्यांनी आधी मुलांना रांगेत उभं केलं, मगच स्वतःला तपासू दिलं. श्वास घेतात का, ते नाकाखाली बोट धरून पाहिलं. प्रतिसाद देतात का, म्हणून साहिलने चिमटा काढला. प्रतिसाद तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेला आणि बाल्कनीतून एक बाई "मॅडम, अंकल ठीक हैं ना?" विचारू लागल्या. वाढ होते का, इथे मात्र अडलं. मुलं म्हणाली, होत नाही. बाबांना ते लागलं. त्यांनी नखं दाखवली, मग कानातले केस. सजीव आपल्यासारखे जीव निर्माण करतात, हा शेवटचा मुद्दा मी गाळणारच होते, तर बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ही काय." सगळा वर्ग माझ्या नाकाकडे आणि त्यांच्या नाकाकडे आळीपाळीने बघत राहिला, आणि पटलं म्हणाला. (तुझं नाक आईवर गेलंय, तू सुटलास.)

मग आरोहीने विचारलं, सजीव मरतात ना, मग आजोबा कधी? बाबा शांतपणे म्हणाले, ते ठरलेलं नाही, चिंचवडला जायचं एवढंच ठरलंय. मुलांनी त्याचा भलताच अर्थ घेतला. दोघं तर रडायलाच लागली. चिंचवड पुण्याजवळ आहे आणि तिथे चांगली जिवंत माणसं राहतात, हे समजावण्यात माझा उरलेला तास गेला.

तेव्हापासून बाबा रोज हजर. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, माझ्याआधी जिन्यात उभे. मी मुलांना सावली मोजायला सांगितली, तर यांनी त्यांच्याकडून सावलीचं टाइमटेबल करून घेतलं, आणि ढग आले की 'सावली उशिराने धावत आहे' म्हणून जाहीर करतात. मोठ्या बाई आता तासाचं मला सोडून त्यांना विचारतात. मला अगदी वैताग आलाय बघ.

तुझी,
नीलम

ता. क. : रविवारी येऊ नकोस. पुढचे सहा महिनेही बाबांना माझ्याकडेच राहू दे. वहिनीबद्दल काडीची तक्रार नाही. पण तुझ्याकडे ते दिवसभर बाल्कनीत नुसते बसून असतात, आणि ही बाग सुरू होईपर्यंत माझ्याकडेही तसेच बसायचे. मला ते बघवत नव्हतं.

ता. क. २ : काल त्यांना सरळ विचारलं, राहता का इथेच? म्हणाले, तुम्ही दोघं ठरवाल तसं. मग दोन घास खाऊन म्हणाले, सोमवारी मुलं गांडुळं आणणार आहेत, मी नसलो तर ती हातात कोण धरणार, तू? दादा, मी विज्ञान शिकवते खरी, पण गांडूळ बघितलं की मला घेरी येते, हे शाळेत फक्त बाबांना माहीत आहे.