पाचवं पात्र

५ फेब्रुवारी

ती. सौ. मावशीस,
सा. न. वि. वि.

मावशी, आधी खुर्चीत बस आणि मग वाच. प्रकाशकबाईंनी माझं पुस्तक घेतलं! म्हणजे अजून घेतलं नाही, पण नाकारलंही नाही, आणि गेल्या वर्षभरात जे काही झालंय ते बघता मला एवढंही पेढे वाटण्यासारखं वाटतंय. नाचत नाचत घरी आले. जिन्यात घरमालकांना धडकले, त्यांची भाजीची पिशवी सांडली, ती भरून दिली, तरी हसू आवरेना.

तुला माहीतच आहे, मी जो खेळ रचलाय त्यात चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एक पात्र होतो, कुणी मांत्रिक, कुणी तलवारबाज. सूत्रधार गोष्ट पुढे नेतो आणि कुठे अडलं की फासे टाकतात. बाईंना गोष्टी आवडल्या, राक्षस आवडले, नकाशे तर फारच आवडले. घोडं अडलंय ते पहिल्याच प्रकरणापाशी. पात्र कसं तयार करायचं ते वाचून त्यांचं डोकं गरगरलं म्हणे. त्या म्हणाल्या, हे पुस्तक फक्त तुम्हालाच कळतं.

तर त्यांची अट अशी. महिनाअखेरपर्यंत पाच तक्ते भरून हवेत, पाच पात्रांचे, जन्मात असला खेळ न खेळलेल्यांनी केलेले. मी तोंडी काहीही समजवायचं नाही, फोनवरही नाही. शंका पत्रानं विचारायची, मी उत्तर पत्रानं द्यायचं, आणि दिलेलं प्रत्येक उत्तर पुस्तकात घालायचं. पाचही तक्ते नियमात बसले तर पुस्तक छापणार, नाहीतर नाही. ड्रॉइंग ऑफिसातली नोकरी सोडून मी हेच करत बसलेय, त्यामुळे 'नाहीतर' या शब्दापुढे विचार करत नाही.

प्रकरणाच्या प्रती आणि कोरे तक्ते सोबत आहेत. तू नाही म्हणणार नाहीस हे धरूनच चाललेय. आईला मात्र काही सांगू नकोस. नोकरी सोडल्यापासून ती फोनवर जेवलीस का एवढंच विचारते, आणि मी हो म्हटलं की ठेवते.

काकांना नमस्कार. लोभ आहे तो तक्ते भरून दाखवावा.

तुझी,
भिंगरी


९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पाकीट आलं आणि मी शिलाई मशीन झाकून ठेवलं. दोन ब्लाउज आज द्यायचे होते, ते राहिले, गिऱ्हाइकं बोंबलत गेली. जाऊ देत. अगं, काय भन्नाट प्रकार आहे हा! मला कुणी आधी का नाही सांगितलं?

पाच तक्ते म्हणालीस ना, पाचही भरून पाठवतेय. एका बैठकीत केले. एक आहे म्हातारी चेटकीण, तिचा पळून गेलेला नवरा तलवारबाज. त्या दोघांनी सांभाळलेली एक राक्षसीण आहे, स्वभावानं गरीब. चेटकिणीची धाकटी जाऊ अदृश्य होते. आणि पाचवी चेटकिणीची थोरली बहीण, भिंती चढणारी. हिचं नि चेटकिणीचं पटत नाही, पण एकमेकींवाचून करमतही नाही.

तुझा तो खोडीचा नियम मला फार आवडला. पात्राला एक खोड लावली की दोन गुण जास्त मिळतात, बरोबर? मी प्रत्येकाला सात-सात खोडी लावल्या. विसरभोळी, चिडकी, झुरळाला भिते, घोरते, असं करत गेले. आता चेटकिणीकडे इतके गुण झालेत की ती डोंगर उचलेल. बळ, चपळाई, अक्कल, जीभ, धीर, पाचही खाने तुडुंब. तुझ्या बाईंना म्हणावं, बघा आमच्याकडची माणसं.

काका विचारत होते की मी दिवसभर गालातल्या गालात का हसतेय. त्यांना तलवारबाजाबद्दल अजून सांगितलेलं नाही.

माया आहेच, ती गुणांत मोजू नकोस.

तुझी मावशी


१२ फेब्रुवारी

ती. सौ. मावशीस,
सा. न. वि. वि.

मावशी, तुझे पाच तक्ते वाचून मी हसून हसून लोळले, आणि मग उठून कपाळाला हात लावला. अगं, पाच पात्रं पाच वेगवेगळ्या माणसांनी करायची होती! चूक माझीच, मी तसं धड लिहिलंच नाही. पुस्तकातही लिहिलं नव्हतं. आता घातलं: एका माणसाला एकच पात्र.

खोडीचंही तसंच. एका पात्राला एकच खोड, आणि ती खेळात कुठेतरी आडवी आली पाहिजे. घोरणं चालेल, कारण मुक्कामाला राक्षस जागा होईल. झुरळाला भिणं चालेल का याचा मी सकाळभर विचार केला. गुहेत झुरळं असतात, तेव्हा चालेल.

आता एक मला विचारायचंय. तुझी सगळी पात्रं एकमेकांची नातेवाईक का आहेत? माझ्या पुस्तकात तसं कुठेच नाही. प्रत्येक पात्र आपापलं येतं, खानावळीत सगळे भेटतात आणि मोहिमेवर निघतात. कृपा करून तुझी एक चेटकीण ठेव आणि बाकीची चार पात्रं सोड. चार नवी माणसं शोध, त्यांना कोरे तक्ते दे. तू त्यांना काही समजवायचं नाहीस हं, नुसतं पुस्तक हातात द्यायचं.

माझ्यावरचा लोभ कमी करू नये, नियम कमी करणं चालू आहे.

तुझी,
भिंगरी


१७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

एकच खोड? तू तुझ्या काकांना ओळखतेस ना? बरं, राहिलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. ज्यांचं नाव गाव माहीत नाही अशा चार जणांबरोबर खानावळीत भेटून ड्रॅगनच्या गुहेत कोण जाईल गं? मी तर त्यांच्याबरोबर दुकानातसुद्धा जाणार नाही. आत कुणी अडकलं तर परत फिरून त्याला काढायला कोण जाईल, ते आधी ठरायला नको? मी आपली तुझ्या तक्त्यावर जागाच शोधत होते ते लिहायला. जागा नव्हती म्हणून मागच्या बाजूला लिहिलं.

माणसं मिळाली. काका आधी घड्याळं दुरुस्त करायच्या भिंगातून डोळा काढायला तयार नव्हते. नंतर त्यांनी पुस्तक ओढून घेतलं आणि दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. ते बुटका खाणकरी झालेत. शंका अशी की खाणकरी बुटकाच असला पाहिजे का, त्यांना उंच हवाय. वरच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरीणबाईंनी राक्षसीण केलीय, आपली आपणच, मी चकार शब्द बोलले नाही. त्यांना विचारायचंय की राक्षसिणीला औषधविद्या घेता येते का. कोपऱ्यावरची लाँड्रीवाली अदृश्य होणारी झालीय, तिची शंका तर ऐकच. माणूस अदृश्य झाला की अंगावरचे कपडेही अदृश्य होतात का? नसतील तर नुसते कपडेच चालताना दिसतील, आणि असतील तर मग हातातल्या बादलीचं काय?

मी चेटकीणच आहे. काकांचा खाणकरी माझा पळून गेलेला नवरा आहे असं लिहून टाकलं, तर ते फुगून बसलेत. म्हणे त्यांना न विचारता लिहिलं. आता यावर तुझ्या पुस्तकात काही आहे का?

झाले चार. पाचवा तक्ता मी ताईला पोस्टानं पाठवलाय. ओरडू नकोस. तू सांगू नको म्हणाली होतीस, तर मी सांगितलं काहीच नाही. पुस्तक आणि तक्ता पाकिटात घातला, पत्ता लिहिला, वर तुझं नावही नाही.

ओरडून झालं की लोभ पूर्ववत चालू करावा.

तुझी मावशी


२० फेब्रुवारी

ती. सौ. मावशीस,
सा. न. वि. वि.

मावशी, तू काय करून बसलीस! वर नाव नसलं म्हणून काय झालं, ते नकाशे कुणाचे आहेत हे आईला डोळे मिटूनही कळेल. माझ्या अक्षराला तिनेच वळण लावलंय. ती ते पाकीट रद्दीत घालेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे व्यवस्थित घडी घालून परत पाठवेल. चाळीस वर्षं हॉस्पिटलात हेडनर्स होती ती. तिच्या वॉर्डात चादरीला सुरकुती चालायची नाही, आणि तू तिला ड्रॅगन पाठवलास. मला भीती वाटतेय, मावशी. पुस्तकाची वाटतेच, पण त्याहून तिच्या उत्तराची जास्त वाटतेय.

आधी उत्तरं देते. खाणकरी उंच चालेल, बोगद्यात वाकावं लागेल. राक्षसिणीला औषधविद्या चालेल, रोग्याला धीर असला म्हणजे झालं. अंगावरचं सगळं अदृश्य होतं, हातातलं होत नाही, तेव्हा बादली दिसेल. लाँड्रीवालीला माझा सलाम सांग. हे सगळं पुस्तकात गेलं.

आणि आता खरी बातमी. तुझं ते मागच्या बाजूला लिहिलेलं माझ्या डोक्यातून जाईना. इतकी वर्षं माझा खेळ पहिल्या मुक्कामापर्यंत रेटत न्यावा लागायचा आणि का ते मला कळायचं नाही. कुणालाच कुणाचं काही पडलेलं नसायचं! काल तक्त्यावर एक नवा खाना आखला, नातं. दुसऱ्या एका पात्राशी आपलं काय नातं आहे ते एका ओळीत लिहायचं, आणि ते पात्र ज्याचं आहे त्याची संमती घ्यायची. संमतीची अट काकांमुळे. त्यांना सांग, त्यांच्या रुसण्याचा नियम झाला. आता वाचून बघते तर प्रकरण कसं सुटसुटीत वाटतंय! मी खोलीत एकटीच टाळ्या वाजवल्या.

पण पाचवं माणूस हवंच. महिना संपत आला. आईची वाट बघू नकोस, दुसरं कुणी बघ, पोस्टमन चालेल, कुणीही चालेल. ही नवी पानं नव्या माणसाला दे.

लोभ आहे, थोडा रागही आहे, दोन्ही पोहोचावेत.

तुझी,
भिंगरी


२४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या मावशीनं एक पाकीट पाठवलं, मागोमाग सुधारलेली पानं पाठवली. पाठवणारीचं नाव नव्हतं, पण पाकीट शिवणाच्या दोऱ्यानं बांधलेलं होतं. तिला लपवाछपवी कधीच जमली नाही.

प्रकरण वाचलं. पहिल्यांदा लाल पेन घेऊन बसले होते. नंतर पेन कुठे ठेवलं ते आठवेना. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा दूध उतू गेलं. तुझे नियम चांगले आहेत. जिथे शंका यावी तिथे उत्तर मिळतं. वॉर्डात नव्या मुलींसाठी मला असं कुणी लिहून दिलं असतं तर माझा घसा वाचला असता.

तक्ता भरून सोबत पाठवतेय. तुला वाटलं असेल मी औषधं देणारी होईन. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जखमा बांधल्या, आता खेळातही तेच करू होय? मी चोर आहे. वय अठरा, भिंतीवरून सरसर चढते, कुलपं उघडते. चपळाई पाच, धीर तीन, जीभ दोन, अक्कल एक, बळ एक. बेरीज दोनदा तपासली आहे, नियमाप्रमाणे बारा होते. खोडीचे दोन गुण मी चपळाईत घातले, म्हणजे चपळाई सात. एका खान्यात सात चालतात का ते पुस्तकात दिलेलं नाही, ते घाल.

खोड अशी लिहिली आहे: पुढच्याला सारखी टोकते. खोड खेळात आडवी आली पाहिजे असा नियम आहे. माझ्या मते येते. सगळे श्वास रोखून ड्रॅगनच्या शेजारून चालले असतील तेव्हा ही पुढच्याला म्हणेल, पाय नीट उचल. चालेल की नाही ते कळव.

शेवटची शंका नात्याच्या खान्याची आहे. पानांसोबतच्या बिननावाच्या चिठ्ठीत मावशीनं तिच्या चेटकिणीची थोरली बहीण व्हायला सांगितलं होतं, पण ती रोजचीच आहे, तिच्याशी नातं लिहून दाखवायची गरज नाही. मला जिच्याशी नातं लावायचं आहे ती खेळात पात्र म्हणून नाहीच. ती बाजूला बसून खेळ चालवते. तरी मी लिहून टाकलं आहे, ते असं: सूत्रधार नेईल त्या वाटेनं मी जाईन, मला वाट ठाऊक नसली तरी.

सूत्रधाराशी नातं लावता येतं का? पुस्तकात कुठे सापडलं नाही, तीन वेळा शोधलं. नियमात बसत नसेल तर खोडून टाक, पण मग मला दुसरं काही सुचणार नाही.

जेवत जा. लोभ होताच, तो दिसावा ही विनंती.

तुझी आई


२८ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

आई, पाचही तक्ते आज बाईंच्या टेबलावर ठेवले. चार त्यांनी भराभर तपासले, बेरजा केल्या, बादलीपाशी मोठ्यानं हसल्या. मग तुझा तक्ता घेतला, सोबतचं पत्रही मला त्यांना दाखवावं लागलं कारण शंका त्यात होत्या. ते त्यांनी चष्मा लावून वाचलं, मग चष्मा काढून ठेवला. त्यांनी विचारलं, शेवटच्या शंकेला काय उत्तर देणार? मी त्यांच्यासमोर चक्क रडायला लागले. रडत होते आणि हसतही होते. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाल्या, "उत्तर आधी आईला कळवा. मग पुस्तक घेऊन या, मी छापते."

आई, छापतायत! मावशीला फोन केला तर तिकडून काका, डॉक्टरीणबाई आणि लाँड्रीवाली सगळेच एकदम ओरडले, मला एक शब्द कळला नाही. शनिवारी सगळे मावशीकडे जमतायत, पहिला डाव तिथेच मांडायचा ठरलाय. तुझी खुर्ची मी माझ्या शेजारी ठेवायला सांगितली आहे.

एका खान्यात सात चालतात, त्याहून जास्त नाही. खोड मंजूर आहे. ती खेळात किती आडवी येते हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार.

शेवटच्या शंकेचं उत्तर पुस्तकात घातलं आहे, शब्द असे आहेत: सूत्रधाराशीही नातं लावता येतं. इतर नात्यांप्रमाणे याही नात्याला समोरच्याची संमती लागते.

माझी आहे.

तुझी,
भिंगरी