छतावरची तीन बोटं

५ जानेवारी १९७५, रविवार
आठवी ब ची सहल. गारगोटीच्या अलीकडच्या डोंगरात संस्थानकाळातल्या गेरूच्या खाणी. बरोबर पंचेचाळीस पोरं आणि विज्ञानाचा मगदूम, म्हणजे शेहेचाळीस पोरं. आत कंदील वर धरला आणि थरारलो. छतावर तीन बोटांचं पाऊल! पुढं तसलीच आणखी चार. डायनासोर! एकवीस वर्षं भूगोल शिकवतोय, मला नाही कळणार तर कुणाला?

मगदूमनं पोरांसमोर विचारलं, छताला उलटा लटकून चालत होता काय? पोरं हसली. (नावं लिहून घेतली आहेत.) समजावलं की जनावर चिखलात चाललं, ठशांत वरून गाळ भरला, त्याचा दगड झाला. मग खालची माती माणसांनी खणून नेली. मगदूम म्हणे, मग ठसे फुगीर पाहिजेत, हे तर खोल आहेत. मी विषय बदलला. पालथ्या घड्यावर पाणी.

८ जानेवारी
उपमुख्याध्यापकाची जागा फेब्रुवारीत भरणार. मगदूम किंवा मी. आता प्रश्नच मिटला. संकल्प : रोज शोधनिबंधाचं एक पान. प्राण्याचं नाव चौगुलेसॉरस. विमलाला सांगितलं. म्हणाली, आधी दळण आणा.

१२ जानेवारी, रविवार
एकटाच एस.टी.नं गेलो, मापं घेतली. खाणीच्या तोंडाशी तानाबाई नावाची म्हातारी शेरडं राखते. मी ठशाखाली उभा राहिलो की ओरडते, मास्तर, तितं हुबं ऱ्हाऊ नगा. नवरा पिराजी इथंच खणायचा म्हणे, आणि ते तीन घाव... पुढचं ऐकलंच नाही. हिला श्रेयात वाटा पाहिजे, दुसरं काय!

१९ जानेवारी
निबंध : मथळा तयार. पाठ धरली आहे.

२८ जानेवारी
संस्थेचे चेअरमन गणपतराव येत्या रविवारी स्वतः बघायला येणार! ठशाच्या बरोबर खाली त्यांची खुर्ची. बाजूला बोर्ड. सतरंजी मगदूमनं वाहायची. निबंध त्यानंतर.

२ फेब्रुवारी, सकाळी ६
आज मगदूमचं तोंड बघायचं आहे. नवा कोट.

२ फेब्रुवारी, संध्याकाळी ५
म्हातारीनं घात केला. चेअरमनसाहेब पोचले तर ही खाणीच्या तोंडात आडवी बसलेली. हाकललं, हलेना. साहेबांना सांगू लागली की खणताना छत पहारीनं ठोकून बघायचं, पोकळ वाजलं की तीन घाव घालून ठेवायचे, मागनं येणाऱ्यानं तितं थांबायचं न्हाई. ही आमच्या मालकांच्या हातची खूण हाय. त्यांच्या धाकट्या भावानं ऐकलं न्हाई, त्यो आतच हाय अजून.

मी हसलो. दुसरं कोणी हसलं नाही. मग मीच जाऊन खुर्चीत बसून दाखवतो म्हटलं आणि म्हातारीला ओलांडून आत शिरलो. मगदूमनं मागून कोट धरून ओढलं. नवा कोट! टरकन फाटला. तेवढ्यात आत धडाड आवाज झाला. धूळ बसली तेव्हा खुर्ची दिसेना, बोर्ड दिसेना.

हे सगळं तिच्या ओरडण्यानं झालं. नोंद करून ठेवतो.

५ फेब्रुवारी
ठसे गेले. एका अर्थी बरंच झालं. ते डायनासोरचे नव्हते हे आता कोणाला सिद्ध करता येणार नाही.
मगदूम उपमुख्याध्यापक झाला. पेढा घेऊन आला होता. मी दार उघडलं नाही. विमलानं उघडलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार
शाळेत तानाबाईचा सत्कार. लुगडं, नारळ. तिची ओळख करून द्यायचं काम मला दिलं. मगदूमची पहिली ऑर्डर. दोन वाक्यांत उरकलं.
नंतर तिला वर्ग बघायचे होते. आठवी ब मध्ये आली. माझी छडी उचलली, माझ्या खुर्चीमागची भिंत ठोकली, कान लावला. मग खडू घेऊन तिथं तीन रेघा ओढल्या आणि गेली.
अडाणी बाई. शाळेच्या भिंतीवर रेघा मारणं हा शिस्तभंग आहे. पोरं गेल्यावर पुसायला डस्टर घेतला. परत ठेवला. खुर्ची खिडकीकडे सरकवली.