सुनंदाची सही

३ फेब्रु., मंगळ
दहापासून पावणेदोनपर्यंत नगरविकास खात्यातल्या साहेबांच्या केबिनबाहेर. भेट चार मिनिटं. पीए म्हणाला, "तुम्हाला आवडतंच आमच्याकडे बसायला." माझ्या कार्डावर 'व्हाइस प्रेसिडेंट, कॉर्पोरेट अफेअर्स', काम बाकड्यावर.
नवा मसुदा नियम: पाण्याची कायम सोय दाखवल्याशिवाय नव्या इमारतीत राहायला परवानगी नाही. आमच्या बिल्डरला तो नको, म्हणून मला नको. साहेब म्हणाले, "तुम्ही नको म्हणून काय उपयोग? लोकांना म्हणू द्या. हरकती मागवल्यात की."

५, गुरु
लोकांच्या वतीने पत्र लिहिलं. 'आम्ही सामान्य रहिवासी...' घरं महागतील, ताबे लांबतील, सबब ही अट तूर्त लावू नये. दोन चुका मुद्दाम ठेवल्या. फार सफाईदार पत्र संशयास्पद दिसतं. विषय: 'पाणीपुरवठ्याबाबत', बस. सह्यांसाठी वाघोलीच्या साइटवर सुपरवायझर कदमकडे पाठवलं.
जेवताना मेधा: "अहो, आज कुणाच्या वतीने?" भाजी वाढून घेतली.

९, सोम
सह्यांचा गठ्ठा आला. वाघोलीतल्या एका सोसायटीच्या कागदावर सचिव म्हणून सुनंदाची सही. आमची सुनू, माझी धाकटी बहीण. खाली सगळ्या फ्लॅटवाल्यांच्या.
कदमला फोन केला. "ताईंनीच गोळा केल्या की, सायेब! म्या म्हनलं पान्याचं हाय, तुमच्या हापिसातनं आलंय. वाचलंबी न्हाई त्यांनी."
तिची सोसायटी टँकरवर. शेजारी आमचाच दुसरा टॉवर तयार. अट टळली की तीही माणसं त्याच टँकरच्या मागे. आत्ताच सुनू एक दिवसाआड कपडे धुते. लाज वाटली. बऱ्याच वर्षांनी वाटली.

१०, मंगळ
सांगायचं ठरवूनच सुनूला फोन केला. तीच सुरू झाली. "दादा, सगळ्यांना सांगितलं, आता माझ्या भावाने लक्ष घातलंय." म्हटलं, पत्र वाचलंस? "तू लिहिलेलं काय वाचायचं?" मग भाच्याची परीक्षा, तिची पाठदुखी. फोन ठेवला. नाही सांगितलं.

१२, गुरु
एम.डीं.ना म्हटलं, वाघोलीचा कागद काढू या, बाकीचे पुष्कळ आहेत. हसले. "बाकीचे आपलेच एजंट. तिथला कारकूनही ओळखतो त्यांना. खरी माणसं त्या एकाच कागदावर आहेत. तो वरती लावा."
बरोबर बोलले. त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. चोवीस वर्षं दुसरं काय शिकलो?

१३, शुक्र
हरकतींचा शेवटचा दिवस. गठ्ठा सकाळीच देता आला असता. तो कागद बॅगेत वेगळा. पावणेपाचपर्यंत व्हरांड्यात येरझाऱ्या. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "द्यायचंय की परत न्यायचंय? आम्हालाही घरं आहेत."
दिला. वरतीच लावून दिला. आवकचा शिक्का बसला, पोच घेतली. बाहेर चहा सांगितला, तो तसाच ठेवून निघालो.
स्वतःचा इतका कंटाळा यापूर्वी आला नव्हता.

२३, सोम
उद्या सुनावणी. संध्याकाळी सुनूचा फोन. आवाज लग्नघरातल्यासारखा. "दादा, मला नोटीस आलीय! बोलावलंय! आम्ही पाचजणी रिक्षाने येतोय. पत्रातलंच वाचून दाखवू ना?"
म्हटलं, आधी एकदा नीट वाच.
"वाचते रे, रिक्षात. आणि तू कुठे बसणार? आम्हाला तुझ्या शेजारी जागा धर."
'धरतो' म्हणालो. माझ्या शेजारी म्हणजे बिल्डरच्या रांगेत.
मेधा समोरच होती. तिने टीव्ही बंद केला. "अहो, साडेसहाच झालेत. वाघोलीला जाऊन येता येईल."
गाडीची किल्ली हातात घेऊन हे लिहितोय. अजून चपला घातलेल्या नाहीत.